शरणपूर : वसवलेले गाव आणि उठवलेली माणसे

गाव दोन तऱ्हेने होते. एक आपोआप वसत जाते, दुसरे कुणीतरी वसवावे लागते.

आमच्या नरखेड तालुक्यातली बहुतेक गावे पहिल्या तऱ्हेची. वर्धा नदी, जाम नदी आणि त्यांना येऊन मिळणारे नाले. काठाला काळी जमीन आणि थोड्या उंचवट्यावर पांढरी. काळी कसायची, पांढरीवर राहायचे. वेशीजवळ मारुती, कुठे मातीची पडकी गढी, कुठे मालगुजाराचा वाडा. मालगुजारी १९५१ साली गेली, पण म्हाताऱ्यांच्या बोलण्यात ती अजून आहे. गावातले पहिले घर कुणाचे, असे विचारले तर कुणालाच सांगता येत नाही. "पयलेपासूनच हाये," एवढेच उत्तर मिळते.

दुसऱ्या तऱ्हेचे गावही आमच्याच तालुक्यात आहे, ते म्हणजे मोवाड. लहानसे गाव, पण त्याची नगरपालिका १८६७ सालची! ३० जुलै १९९१ ला वर्धेचा पूर आला आणि ते जुने मोवाड गेले. दोनशेहून अधिक माणसे मेली. पुढे सरकारने उंचावर नवे गाव वसवले. आखलेले रस्ते, एकसारखे प्लॉट. पुरानंतर आमच्या शाळेत काही मुले आली. त्यांचे दाखले, पुस्तके, सगळे वाहून गेलेले. नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, जे पोराने सांगितले ते मी रजिस्टरमध्ये लिहिले. एका मुलाने आपले पूर्ण नाव दोनदा सांगितले, मी एकदाच विचारले होते तरी! सगळे गेले तरी हे एक आपल्याजवळ आहे, असे त्याला सांगायचे असावे.

हे आज आठवण्याचे कारण एक वेगळेच गाव आहे. माझी धाकटी नणंद नाशिकला शरणपूर रोडला राहते. तिथे कॅनडा कॉर्नर आहे, महानगरपालिकेचे राजीव गांधी भवन आहे, दवाखाने, दुकाने आणि फ्लॅटच्या इमारती आहेत. रोज हजारो माणसे 'शरणपूर रोड' म्हणतात, पण हे शरणपूर कुठले, तिथे कोण कुणाला शरण आले होते, हे फारसे कुणी विचारत नाही. मी इतिहास-भूगोल शिकवण्यात आयुष्य घालवलेली बाई, मला राहवेना. वाचत गेले आणि गोष्ट नाशिकहून निघून थेट आफ्रिकेत पोचली. तीच आज वर्गात सांगायचे तशी क्रमाने सांगते.

नाशिक म्हणजे तीर्थक्षेत्र. गोदावरीचा घाट, पंचवटी, काळाराम मंदिर, क्षेत्रोपाध्ये आणि त्यांच्या वह्या. पेशवाई १८१८ साली संपली आणि १८३२ मध्ये चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडातल्या संस्थेच्या मिशनऱ्यांनी इथे काम सुरू केले. शाळा काढल्या, प्रवचने केली. त्या काळी कुणी बाप्तिस्मा घेतला की त्याचे काय व्हायचे, हे आपल्या लोकांना समजावून सांगायला नको. घर सुटे, विहीर सुटे, न्हावी-धोबी बंद होई, मुलांची लग्ने अडत. धर्म बदलला म्हणजे देऊळ बदलले इतकेच नव्हते, सारा गावगाडाच त्या माणसाला खाली उतरवून पुढे निघून जाई. जातीविना माणसाला गावात जागा नव्हती. त्यामुळे ख्रिस्ती झालेल्यांसाठी वेगळी वस्ती हवी, हा विचार त्या गरजेतून आला.

१८५४ च्या सुमारास विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने नाशिकच्या पश्चिमेला, गावाबाहेर, अशी वस्ती उभी केली आणि तिला शरणपूर असे नाव दिले, म्हणजे आश्रयाचे गाव. नाव अगदी आपल्या भाषेतले. घरे, प्रार्थनेची जागा, शाळा, अनाथ मुलांसाठी आश्रम आणि कामाच्या शाळा. सुतारकाम, लोहारकाम असे हाताला धंदा देणारे शिक्षण. जातीने दिलेला धंदा सुटला, तर दुसरा हातात हवाच. आपल्याकडे गावगाड्यात सुतार, लोहार जन्माने ठरत. इथे एकाच बाकावर बसून कुणीही सुतार व्हायचा. आज त्यात काही विशेष वाटणार नाही, पण १८५० च्या दशकात ही साधी गोष्ट नव्हती.

अशी वस्ती करणारे प्राइससाहेब एकटे नव्हते. जालन्याजवळ नारायण शेषाद्री यांनी बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसवले. ते स्वतः देशस्थ ब्राह्मण, १८४३ साली ख्रिस्ती झालेले. म्हणजे गरज केवळ गोऱ्या मिशनऱ्यांनाच दिसत होती असे नाही. ज्याने ते सोसले होते त्यालाही गाव वसवावेसे वाटले.

पण शरणपुरात आणखी एक वस्ती होती, आणि खरी नवलाची गोष्ट तिची आहे.

अरबी समुद्रात त्या काळी गुलामांचा व्यापार जोरात होता. पूर्व आफ्रिकेच्या आतल्या भागातून, आजच्या मलावी, मोझांबिक, टांझानिया या मुलखांतून, माणसे पकडून आणत. त्यांत लहान मुले पुष्कळ. झांजिबारच्या बाजारात ती विकली जात आणि गलबतांतून अरबस्तानाकडे, इराणी आखाताकडे नेली जात. इंग्रजांनी १८०७ साली कायद्याने हा व्यापार बंद केला होता आणि त्यांची लढाऊ जहाजे अशी गलबते पकडत असत. गलबत पकडले, मुले सोडवली. पुढे काय? त्यांना गाव माहीत नाही, आईबाप कुठे ते माहीत नाही, त्यांची भाषा जहाजावर कुणाला येत नाही. मग त्यांना मुंबईत उतरवत. त्यांतली काही नाशिकला आली आणि शरणपुरात त्यांच्यासाठी 'आफ्रिकन आश्रयगृह' झाले. आयझेनबर्ग नावाचे जर्मन मिशनरी या मुलांची व्यवस्था बघत. ते पूर्वी अबिसीनियात राहून आलेले होते.

जरा डोळ्यांसमोर आणा. गोदाकाठी एकीकडे पूजा सांगणारे भटजी आणि मैल-दोन मैलांवर याओ जमातीची पोरे लोहाराचा भाता चालवताहेत, रविवारी प्रार्थनेला बसताहेत. महाराष्ट्राच्या इतिहासाचे हे पान आपण फारसे उलगडलेलेच नाही.

आता नावांविषयी. या मुलांची जी नावे कागदोपत्री आहेत ती अशी : विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर, सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग, एडवर्ड गार्डनर, जेम्स रटन, जेकब वेनराइट, केरस फेरार, मॅथ्यू वेलिंग्टन. यांत प्राइस आहे, आयझेनबर्ग आहे, फेरार आहे. म्हणजे शिक्षकांची, मिशनऱ्यांची आडनावे. आईने ठेवलेले नाव फार थोड्यांच्या बाबतीत टिकले. कुंबा, बराका अशी एखाद-दुसरी खूण इंग्रजी नावाला चिकटून राहिलेली दिसते. नावे देणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हते. लहान पोराला वाढवायचे तर त्याला हाक काय मारायची? तरीही शाळेचे रजिस्टर तीस-पस्तीस वर्षे लिहिलेल्या मला ही यादी वाचताना त्रास झाला. मोवाडच्या मुलाकडे निदान सांगायला आपले नाव होते.

इथून गोष्टीत डेव्हिड लिव्हिंग्स्टन येतो. आफ्रिकेचा नकाशा शिकवताना हे नाव घेतल्याशिवाय भूगोलाचा तास पुरा होत नसे. तो १८६४ साली 'लेडी न्यासा' ही आपली लहानशी आगबोट स्वतः हाकत झांजिबारहून मुंबईला आला. चुमा आणि विकातानी ही दोन आफ्रिकन मुले त्याने मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवली. दुसऱ्या वर्षी तो परत आला, नव्या मोहिमेच्या तयारीसाठी. मुंबईचे गव्हर्नर तेव्हा सर बार्टल फ्रियर होते, ज्यांनी मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी पाडली तेच. मोहिमेसाठी नाशिकच्या आश्रयगृहातले नऊ तरुण निवडले गेले आणि जानेवारी १८६६ मध्ये ते लिव्हिंग्स्टनबरोबर मुंबईहून निघाले.

हे नऊजण काही पुराणातले आदर्श सेवक नव्हते. कुणी वाटेत मेला, कुणी सोडून गेला, कुणाशी साहेबाचे पटले नाही. लिव्हिंग्स्टनने रोजनिशीत त्यांच्यावर रागही काढला आहे. पण जरा विचार करा. लहानपणी ज्या वाटेने बांधून नेले त्याच मुलखात हे तरुण परत चालले होते, आता दुसऱ्याचे सामान वाहत. कुणी मध्येच थांबले तर नवल काय? तरी एडवर्ड गार्डनर आणि नॅथॅनिएल कुंबा शेवटपर्यंत राहिले. पुढे १८७२ मध्ये लिव्हिंग्स्टनच्या मदतीसाठी आणखी सहाजण गेले, तेही नाशिकचेच. जेकब वेनराइट त्यांतला.

१ मे १८७३ च्या पहाटे, आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी, लिव्हिंग्स्टन मेला. बरोबर गोरा माणूस एकही नव्हता. चुमा, सुसी आणि बाकीचे साठेक लोक. त्यांना कुणाचा हुकूम नव्हता. साहेबाला तिथेच पुरून ते आपापल्या वाटेने गेले असते तरी कोण विचारणार होते? त्यांनी एकत्र बसून ठरवले की देह समुद्रापर्यंत न्यायचा. काळीज तिथेच झाडाखाली पुरले. जेकबने इंग्रजीतून अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव व तारीख कोरली. सामानाची यादीही त्यानेच केली. नाशिकला शिकलेले अक्षर हे असे कामी आले! मग मीठ लावून उन्हात वाळवलेला तो देह गुंडाळून ते निघाले. ताप, उपासमार, वाटेतल्या लढाया. उन्यान्येंबे इथे त्यांना लेफ्टनंट कॅमेरून हा इंग्रज अधिकारी भेटला. देह इथेच पुरा, असा त्याने सल्ला दिला. त्यांनी तो मानला नाही. जवळजवळ नऊ महिने चालून, हजार मैलांहून अधिक अंतर कापून, फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोला समुद्रावर पोचले.

तिथे इंग्रज अधिकाऱ्यांनी देह ताब्यात घेतला. देहाबरोबर इंग्लंडला गेला तो एकटा जेकब वेनराइट. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झाले तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांत तो होता. नाशिकच्या शरणपुरातला मुलगा, इंग्लंडच्या राजेराण्यांच्या चर्चमध्ये. बाकीचे बहुतेक जण तिकडे किनाऱ्यावरच पांगले. चुमा आणि सुसी यांना नंतर इंग्लंडला नेले, पण दफन तोवर होऊन गेले होते.

याच सुमाराला शरणपुराचे भवितव्यही ठरत होते. बार्टल फ्रियर यांना १८७२-७३ मध्ये सरकारने झांजिबारला पाठवले होते. ५ जून १८७३ ला तिथल्या सुलतानाने तहावर सही केली आणि गुलामांचा बाजार बंद झाला. त्या बाजाराच्या जागेवर पुढे चर्च उभे राहिले. लिव्हिंग्स्टनचे काळीज ज्या झाडाखाली पुरले त्याच्या लाकडाचा क्रूस त्यात आहे. आता सोडवलेल्या माणसांना इतक्या दूर भारतात कशाला न्यायचे, त्यांच्यासाठी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच शरणपूरसारखे गाव वसवा, असे फ्रियर यांनी मिशनला सुचवले. ते काम कुणाला? अर्थात प्राइस यांना. १८७४ च्या अखेरीस ते मोंबासाला गेले. मोंबासा बेटासमोर जमीन घेतली आणि १८७५ मध्ये फ्रियरटाउन हे गाव वसले. ते वसवायला नेलेली माणसे म्हणजे नाशिकचे आफ्रिकन. सुमारे दीडशे. तिकडे त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणू लागले. नाशिकचे आश्रयगृह मग उरले नाही.

इथे मी वाचताना थांबले. ही माणसे आफ्रिकेतून आलेली, म्हणजे 'परत' गेली असे म्हणायला हरकत नाही. पण त्यांचे गाव कुठले? मोंबासा कुणाचेच नव्हते, तिथून त्यांचे मूळ मुलूख शेकडो मैल आत. ती वाढली गोदाकाठी, धंदा शिकली नाशिकला, लग्ने केली इथे. एकदा गुलामांच्या व्यापाऱ्यांनी उचलून नेले, दुसऱ्यांदा भल्या माणसांनी भल्या हेतूने उचलून नेले. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो पुसू नये. पण दोन्ही वेळा ठरवणारे दुसरेच होते. वसवलेल्या गावाचे हेच असते. ज्याने वसवले, त्याला ते उठवताही येते. आपोआप वसलेल्या गावाला उठवायला वर्धेचा पूर लागतो.

मग या माणसांचे आपले असे काय होते? चितांबोच्या गावी त्यांनी घेतलेला निर्णय हे एक उत्तर. दुसरे उत्तर विल्यम जोन्सच्या आयुष्यात मिळते, आणि ते मला जास्त मोलाचे वाटते.

जोन्स आणि सेमलर हे १८६४ मध्येच नाशिकहून मोंबासाजवळच्या मिशनच्या मदतीला गेले होते. १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी दोघांना धर्मसेवेची दीक्षा दिली. त्याच वर्षी हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारले गेले आणि मागचा तांडा जोन्सने परत आणला. मोंबासाच्या आतल्या बाजूला रबाई नावाचे ठिकाण आहे, तिथे जोन्स होता. किनाऱ्यावरच्या मळ्यांतून पळालेले गुलाम रबाईला येऊन लपत. त्यांना ठेवून घेणे म्हणजे मळेवाल्यांशी वैर, आणि मिशनच्या वरिष्ठांनाही हे नको होते. कारण गुलामी तिथे अजून कायद्याने चालू होती. जोन्सने त्यांना राहू दिले. १८८८ मध्ये प्रकरण हातघाईवर आले, तेव्हा इंग्रजांच्या पूर्व आफ्रिका कंपनीने मालकांना पैसे देऊन तोड काढली आणि १ जानेवारी १८८९ ला रबाईत चौदाशेच्या आसपास स्त्री-पुरुषांना स्वातंत्र्याचे कागद मिळाले.

म्हणजे बघा, ज्याला शरणपुरात शरण मिळाली त्याने रबाईला स्वतःचे शरणपूर केले. कुणी सांगितले म्हणून नव्हे, वरच्यांना नको असताना. प्राइस यांनी वसवलेले गाव प्राइस यांनीच अर्धे उठवून नेले, पण त्या गावाने एका मुलाला जे शिकवले ते उठवून नेणे कुणाच्याच हातात नव्हते. शिक्षकाला याहून वेगळे काय हवे असते?

फ्रियरटाउनची घंटा मोंबासाला अजून उभी आहे. गुलाम पकडणारे आले की ती वाजवून वस्तीला सावध करत. घंटेला तिकडच्या स्वाहिली भाषेत 'केंगेले' म्हणतात, म्हणून त्या नाक्याचे नाव केंगेलेनी. चर्चही आहे. मॅथ्यू वेलिंग्टन, त्या सहा जणांतला, मोंबासाला १९३५ पर्यंत जगला. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात एक आफ्रिकन म्हातारा मोंबासाला नाशिकच्या आठवणी मनात घेऊन बसला होता, ही कल्पनाच मला विलक्षण वाटते.

इकडे नाशिकला शरणपूर शहराच्या पोटात गेले. शेते गेली, मैलभराचे अंतर गेले. संत आंद्रिया चर्च आहे, ख्रिस्ती कुटुंबे आहेत, मराठीत उपासना होते. या मंडळींच्या आजच्या संस्थेचा धागा आमच्या नागपूरशी जुळतो बरे का. उत्तर भारतातले वेगवेगळे प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले ते २९ नोव्हेंबर १९७० रोजी, नागपुरात.

आपल्याकडे मिशनऱ्यांचा विषय निघाला की दोनच बाजू होतात. एक म्हणते, त्यांनी सगळे चांगले केले. दुसरी म्हणते, सगळे धर्म बदलण्यासाठी केले. दोन्ही बाजू भांडतात ते मिशनऱ्यांविषयी. त्या गावात जे राहिले त्यांच्याविषयी कुणीच बोलत नाही. बाप्तिस्मा घेतल्यावर ज्याची विहीर बंद झाली तो शेतकरी, जिचे आडनाव बदलले ती मुलगी, भाता चालवणारा याओ पोरगा. गाव त्यांचे होते. पंचक्रोशीने त्यांना जागा दिली असती तर शरणपूर वसवायची वेळच आली नसती, हेही आपण आपल्याशी कबूल करायला हवे.

नणंदेला फोनवर हे सगळे सांगितले. ती म्हणाली, "वहिनी, तीस वर्षं झाली इथे राहून, मला वाटायचं कुठल्यातरी शरणप्पाचं गाव असेल." मी म्हटले, आता शेजारणींना सांग. नातवंडे आहेत त्यांना सांग. रस्त्याला नुसते नाव उरले आहे, त्या नावातली माणसे तेवढी त्यांना माहीत होऊ देत.